जेसीबी लावण्याआधी : जमिनीखालच्या केबल कशा शोधायच्या

जेसीबी तासाच्या भाड्यावर येतो. तो साइटवर उभा राहिला की मालक, मुकादम, ऑपरेटर सगळेच घड्याळाकडे बघायला लागतात आणि मग केबल शोधायला कुणालाच सवड नसते. म्हणून पहिला नियम वेळापत्रकाचा: शोधाशोध आधी, जेसीबीवाल्याला फोन नंतर. दोन्ही एकाच दिवशी ठेवलंत तर शोधाशोध होत नाही, नुसता देखावा होतो.

नुकतेच सुपरवायझर म्हणून साइटवर लागलेले मुलगे-मुली, पंचायतीचं गटाराचं काम पहिल्यांदाच घेतलेला ठेकेदार आणि आपल्याच आवारात कुंपणाचा पाया किंवा सोकपिट (शोषखड्डा) खणायला निघालेला घरमालक, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नकाशा, लोकेटर (जमिनीखालची केबल शोधणारं यंत्र) किंवा माहीतगार माणूस ‘इथे केबल आहे’ म्हणाला तर लगेच ऐका. ‘इथे काही नाही’ म्हणाला तर तेवढ्यावर विसंबू नका.

खाली काय काय असू शकतं

गोव्यात घरोघरी वीज पुरवतं ते सरकारचं वीज खातंच. त्यामुळे विजेच्या केबलसाठी दार एकच ठोठवायचं. खाली मात्र तीन पातळ्यांच्या केबल असतात: ३३ केव्ही (म्हणजे ३३ हजार व्होल्ट), ११ केव्ही आणि घरापर्यंत येणारी एलटी, म्हणजे ४१५ किंवा २३० व्होल्टची. पणजीत आणि इतरही बऱ्याच भागांत वरच्या तारा उतरवून केबल जमिनीत गेल्या आहेत. तेव्हा वर तार दिसत नाही आणि घरात दिवा लागतोय, तर केबल तुमच्या पायाखाली आहे असंच धरून चाला.

त्यांच्या जोडीला बीएसएनएलच्या जुन्या तांब्याच्या केबल, खासगी कंपन्यांची फायबर, सरकारी कार्यालयांना आणि पंचायतींना जोडणारं गोवा ब्रॉडबँड नेटवर्क, रस्त्यावरच्या दिव्यांची केबल, सीसीटीव्ही, आणि काही ठिकाणी स्वयंपाकाच्या गॅसची पाइपलाइन.

या सगळ्यांहून मला जास्त धास्ती वाटते ती विजेच्या मीटरच्या पलीकडच्या खासगी केबलची. जुन्या घरापासून अंगणातल्या विहिरीच्या पंपापर्यंत गेलेली, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपात घातलेली, वीतभर खोल वायर कुठल्याच सरकारी नकाशात नसते. गेटची मोटर, बागेतले दिवे, मागे बांधलेली भाड्याची खोली यांचंही तेच. ज्या इलेक्ट्रिशियनने ती टाकली त्याचा पत्ता नसतो, आणि घर मधल्या काळात विकलं गेलं असेल तर नव्या मालकालाही काही ठाऊक नसतं.

किती खोल? पुस्तकी उत्तर आहे. विजेच्या केबल टाकण्याच्या आयएस १२५५ या भारतीय मानकाप्रमाणे एलटी केबल किमान ७५ सेंटिमीटर, ११ केव्ही ९० सेंटिमीटर, २२ आणि ३३ केव्ही १०५ सेंटिमीटर खोल असावी, रस्त्याखाली किमान १ मीटर. दूरसंचार खात्याच्या जुन्या पद्धतीने फायबर साधारण १.६५ मीटरवर जायची. हे आकडे पाठ असू द्या, पण त्यांच्या भरवशावर खोदू नका. सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, हातभर मातीखाली चिरा (जांभा दगड) लागतो, आणि तो फोडण्यापेक्षा केबल वरच ठेवून माती लोटणं टाकणाऱ्याला परवडतं. सखल भागात उलटं होतं. रस्ता भराव घालून उंच केला, वर डांबराचे थर चढले, की केबल मूळ खोलीपेक्षा खूप खाली जाते. रस्ता रुंद झाला असेल तर एकेकाळी कडेला असलेली केबल आता थेट मधोमध असते.

कागद आणि माणसं

केंद्राच्या दूरसंचार विभागाचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल अॅप २२ मार्च २०२३ ला सुरू झालं. गांधीनगरच्या बायसॅग-एन या संस्थेच्या मदतीने ते बनवलंय. खोदाईची जागा नकाशावर दाखवायची, तारखा भरायच्या, की त्या भागात ज्यांच्या वाहिन्या नोंदलेल्या आहेत त्यांना सूचना जाते आणि ते तुमच्याशी संपर्क साधतात. याला कायद्याचाही आधार आहे: जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार खोदकाम करणाऱ्याने आधी या सामाईक पोर्टलवर सूचना देणं बंधनकारक आहे. आदल्या रात्री अर्ज भरून सकाळी खोदायला घेऊ नका, उत्तर यायला दिवस द्या. आणि अॅपवर कुणाचंच नाव आलं नाही, तर त्याचा अर्थ इतकाच की त्या जागी कुणी नोंद केलेली नाही.

नंतर स्वतः जाऊन भेटा. वीज खात्याच्या उपविभागातला कनिष्ठ अभियंता, पाणीपुरवठ्याचं कार्यालय, मलनिस्सारणाची लाइन असेल तर ते कार्यालय, पंचायत किंवा पालिका, गॅस असेल तर ती कंपनी. लेखी पत्र द्या, पोच घ्या. पण पत्रापेक्षा मोलाचा असतो तो त्या भागाचा लाइनमन. त्याला साइटवर आणा. कुठे जॉइंट मारला, कुठल्या वळणावर केबल वाढवून गोल ठेवली, हे नकाशात नसलेलं त्याच्या डोक्यात असतं.

रस्ता खोदायची परवानगी ही वेगळी गोष्ट. नवखे इथे हमखास गोंधळतात. साबांखाने (सार्वजनिक बांधकाम खात्याने) किंवा पालिकेने रस्ता कापायला होकार दिला म्हणजे डांबर फोडायला हरकत नाही, एवढंच. खाली काय आहे याची हमी त्या कागदात नसते.

नकाशा मिळाला तर माप कशापासून घेतलंय ते पाहा. ‘आंब्यापासून तीन मीटर’ असं लिहिलेलं असतं आणि आंबा तोडून तिथे पार्किंग झालेलं असतं. जुन्या कुंपणापासूनचं मापही असंच फसवं, कारण कुंपण पुढेमागे सरकतं.

डोळे उघडे ठेवून चालणं

यंत्र हातात घेण्याआधी जागेभोवती रिकाम्या हाताने फिरा. फीडर पिलर (रस्त्याकडेची विजेची पेटी), ट्रान्सफॉर्मर, जमिनीवरचे चेंबरचे झाकण, केबलचे मार्कर दगड, खांबावरून लोखंडी पाइपातून खाली उतरलेली केबल, भिंतीतून बाहेर येऊन मातीत शिरलेली नळी, या प्रत्येकाची नोंद घ्या. वरून तार न आलेला दिव्याचा खांब दिसला की त्याच्या शेजारचा खांब शोधा. दोघांमध्ये केबल आहेच, फक्त ती सरळ गेली असेल असं धरू नका. डांबरावरचा वेगळ्या रंगाचा पट्टा, खचलेले पेव्हर, रस्ता आडवा कापून नंतर भरलेली काँक्रीटची पट्टी, हे जुन्या चरांचे माग.

आणि वाड्यावरच्या लोकांना विचारा. ‘इथे मागे कुणी खोदलं होतं का?’ असं विचारलं की नाक्यावरचा गाडेवाला, ज्याचं नेट त्या वेळी बंद पडलं होतं, तो जागा, महिना आणि ठेकेदार तिन्ही सांगतो.

लोकेटर

लोकेटरचे दोन भाग असतात: हातात धरून चालायचा रिसीव्हर आणि जमिनीवर ठेवायचा ट्रान्समीटर. भाड्याने आणताना बरेच जण पैसे वाचवायला नुसता रिसीव्हर आणतात. त्यापेक्षा न आणलेला बरा, कारण अर्धवट यंत्र खोटा धीर देतं. का, ते समजण्यासाठी यंत्र काय ‘ऐकतं’ ते माहीत हवं. केबल त्याला दिसत नाही. केबलमधून वाहणाऱ्या प्रवाहाभोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते त्याला कळतं.

पॉवर मोडमध्ये रिसीव्हर ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्या विजेची कंपनं शोधतो. त्यासाठी केबलमध्ये नुसता व्होल्टेज असून भागत नाही, प्रवाह वाहायला हवा. रस्त्यावरच्या दिव्यांची केबल दिवसा गप्प असते. पावसाळ्यात बंद करून ठेवलेल्या सुट्टीच्या बंगल्याची केबल पूर्ण जिवंत असते, हात लावाल तर जीव जाईल. पण आत काही चालूच नसल्याने रिसीव्हर हूं की चूं करत नाही. तीन फेजवर सारखा भार असेल तर तिन्ही क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि मोठी केबलही पुसट येते. सौर पॅनलकडून येणारी डीसी केबल या मोडमध्ये मिळण्याची आशाच सोडा.

रेडिओ मोड दूरच्या रेडिओ केंद्रांच्या लहरी धातूच्या लांब वाहकांवरून कशा परत उमटतात ते पकडतो. जुनी तांब्याची टेलिफोन केबल किंवा लोखंडी पाइप यात बरा सापडतो. आखूड केबल सुटते.

खरं काम होतं ट्रान्समीटर लावल्यावर. तो ठरावीक कंपनाचा सिग्नल केबलमध्ये घालतो, बऱ्याच यंत्रांत ३३ किलोहर्ट्झचा, आणि रिसीव्हर नेमका तोच शोधतो. सिग्नल घालायच्या तीन रीती आहेत. एक, क्लिप थेट केबलच्या धातूला लावणे. सर्वांत स्पष्ट सिग्नल याने मिळतो, पण हे काम वीज खात्याचा माणूस किंवा परवानाधारक वायरमनच करणार, तुम्ही नाही. दोन, केबलभोवती क्लॅम्प अडकवणे. चेंबरमध्ये केबल उघडी मिळत असेल तर सोयीचं. तीन, ट्रान्समीटर नुसता जमिनीवर, केबलच्या अंदाजे रेषेत ठेवणे. यात एक फसगत आहे: ट्रान्समीटरच्या जवळ रिसीव्हर केबलऐवजी ट्रान्समीटरलाच ऐकतो. निदान १० मीटर लांब जाऊन शोधायला लागा, आणि मग ट्रान्समीटर दुसऱ्या टोकाला नेऊन मधला सुटलेला पट्टा तपासा.

थेट क्लिप लावताना दुसरी क्लिप अर्थिंगच्या खिळ्याला जाते. एप्रिल-मेमध्ये सड्यावर हा खिळा नीट रुतत नाही, आणि रुतला तरी कोरड्या चिऱ्यातून प्रवाह जात नाही. खिळ्याच्या बुडाशी बादलीभर पाणी ओता, मुरू द्या, मग ट्रान्समीटरवरचा प्रवाहाचा आकडा पाहा. तो चढलेला दिसेल. खिळा केबलच्या रेषेपासून आडवा, काटकोनात लांब ठोका, नाहीतर सिग्नल शेजारच्या पाण्याच्या पाइपावरून परत येतो आणि तुम्ही पाइपाचा माग काढत बसता.

चालायची पद्धत अशी. सकाळी पहिल्यांदा माहीत असलेल्या केबलवर यंत्र तपासून घ्या, बॅटरी आणि कॅलिब्रेशनची तारीख पाहा. संवेदनशीलता पूर्ण वाढवा. रिसीव्हर सरळ उभा, जमिनीच्या अगदी जवळ ठेवा; चालताना हेलकावे देऊ नका, रिसीव्हर वर उचलला गेला की उथळ, बारीक केबल निसटते. आधी जागा आडवी कापत समांतर ओळींत चाला, मग त्याच जागेवर काटकोनात पुन्हा चाला, कारण केबल तुमच्या चालण्याच्या दिशेलाच समांतर असेल तर पहिल्या फेरीत ती सापडणार नाही. आवाज आला की संवेदनशीलता हळूहळू कमी करत अरुंद रेषेवर या. तिथे थांबून रिसीव्हर स्वतःभोवती फिरवा. आवाज सर्वांत कमी होतो तेव्हा त्याचं पातं (खालचा चपटा भाग) केबलच्या दिशेने असतं. ही सगळी कसरत प्रत्येक मोडमध्ये आणि खोदाईच्या हद्दीबाहेरही काही मीटर करायची.

यंत्राच्या पडद्यावर खोलीचा आकडा येतो. दोन-तीन केबल एकत्र असतील, वळण किंवा जॉइंट जवळ असेल, वर सळ्या घातलेलं काँक्रीट असेल, तर तो आकडा चुकतो. ‘१.१ मीटर’ वाचून पहिला मीटर जेसीबीने काढून घेऊ या, असा हिशेब कधीही करू नका.

फायबर हा वेगळाच त्रास. आत नुसती काच आणि प्लास्टिक, धातू नाहीच, मग चुंबकीय क्षेत्र कुठून येणार? पोलादी पत्र्याचं आवरण असलेली फायबर चेंबरमधून सिग्नल घालून शोधता येते. बिनधातूची असेल आणि डक्टमध्ये (फायबर ज्या नळीतून ओढलेली असते तिच्यात) जागा असेल, तर कंपनीचा माणूस चेंबरमधून तांब्याची तार असलेली लवचीक काठी आत सरकवून तिचा माग काढू शकतो. तेही जमत नसेल तर जमिनीत रडारच्या लहरी सोडणारं यंत्र, जीपीआर, बोलावता येतं. कोरड्या, एकसारख्या जमिनीत ते प्लास्टिकची नळीही दाखवतं. खाजन जमिनीत, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीत, मात्र त्यावर पैसे घालवू नका. खारट, ओल्या चिखलात लहरी थोड्याच अंतरात विरून जातात. पावसाळ्यानंतर लगेचच्या ओल्या मातीतही चित्र पुसट येतं.

खुणा

डांबरावर रंग, मातीवर चुना, शिवाय दर काही मीटरवर खुंटी. नुसत्या चुन्यावर राहू नका, परतीच्या पावसाची एक सर पुरते. रेषा न आखता पट्टा आखा, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर. वीज, फायबर, पाणी, गॅस यांना वेगवेगळे रंग ठरवून ते गटातल्या प्रत्येकाला, विशेषतः ऑपरेटरला, त्याला समजेल त्या भाषेत सांगा. आपल्याकडचे बरेच ऑपरेटर बाहेरच्या राज्यांतून आलेले असतात. कोंकणी-मराठीत सांगून त्याने मान डोलावली म्हणजे त्याला कळलं असं नाही. मग सगळ्याचे फोटो काढा.

हाताने उघडून पाहणं

खात्री होते ती इथेच. अंदाजे रेषेला आडवा असा चाचणी चर हाताने काढा, दोन्ही टोकांना आणि मध्ये जिथे वळण असेल तिथेही. लाकडी दांड्याचं खोरं आणि फावडं वापरा. पहार आणि पिकास फक्त वरचा कठीण थर मोकळा करायला, तेही पट्ट्याबाहेर. पहारेचं टोक केबलच्या आवरणातून सहज आरपार जातं, आणि धरणाऱ्याचे दोन्ही हात लोखंडावर असतात.

चिरा हाताने फुटत नाही, ही तक्रार खरी. पण तोच चिरा इथे मदतीला येतो. चरातून टाकलेली केबल आधी कुणीतरी तो फोडल्याशिवाय आत गेलेली नसते. खोदताना एका बाजूला सलग, न हललेला चिरा आणि त्याला लागून भुसभुशीत, मिश्र माती लागली, तर ती जुन्या चराची कड आहे. तिच्याच बाजूने, हलक्या हाताने आत जा. अपवाद एकच, पण मोठा: ड्रिलिंग मशीनने आडवं भोक पाडून ओढलेली फायबर किंवा केबल सलग चिऱ्यातूनही जाते आणि वर कसलाच माग ठेवत नाही. अशा कामाची माहिती कागदातून किंवा लाइनमनकडूनच मिळेल.

बारीक वाळू, विटांची रांग किंवा प्लास्टिकची इशारा पट्टी दिसली की खोरं बाजूला ठेवून खुरपं घ्या. केबलच्या डोक्यावरून खाली न जाता बाजूने आडवं उघडा. जुन्या केबलवर तागाचं वेष्टन असतं आणि मातीत ती थेट माडाच्या किंवा वडाच्या मुळासारखी दिसते; मूळ समजून कोयता घालू नका. काळी नळी दिसली की ‘पाण्याची असेल’ म्हणणारा एकजण प्रत्येक साइटवर भेटतो. पाण्याच्या काळ्या एचडीपीई नळीवर बहुधा निळ्या रेघा असतात, पण त्या दिसल्या नाहीत तर ती केबलच समजा, आणि जिवंत समजा.

उघडी केबल दोरीने ओढून टांगू नका, तिच्यावर पाय देऊन उतरू नका. खालून फळीचा आधार द्या. तिच्या अर्ध्या मीटरच्या आत जेसीबी येणार नाही, जे काही असेल ते हाताने. पट्ट्याबाहेर जेसीबी लावाल तेव्हा शक्यतो बिनदाताची बकेट, पातळ थर, आणि एक माणूस फक्त चरात बघण्यासाठी. त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका. केबलला खेटूनच काम करायचं असेल तर वीज खात्याकडून लेखी लाइन क्लिअर, म्हणजे केबल बंद केल्याचा कागद, घ्या. ‘फोनवर बोललोय, बंद केलीय’ हे चालत नाही. केबल बंद करून, तपासून, अर्थिंग केल्याचं जबाबदार माणसाने जागेवर सांगितल्याशिवाय चरात उतरू नका.

लागलीच तर

जेसीबीचा दात केबलला लागला तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहायचं आणि बाकीच्यांनी लांब व्हायचं. जमलं तर बकेट केबलपासून सोडवून मशीन मागे घ्यावं. आग लागल्यानेच उतरावं लागलं तर दोन्ही पाय जुळवून, मशीन आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी उडी, आणि मग पाय जुळवूनच छोट्या उड्या मारत दूर. पावलं लांब टाकली तर दोन पायांमधल्या जमिनीवरच्या व्होल्टेजच्या फरकाने झटका बसतो. ठिणगी उडून सगळं शांत झालं म्हणजे केबल मेली असं नाही, सबस्टेशनमधून ती पुन्हा चालू होऊ शकते. वीज खात्यासाठी १९१२, कुणी जखमी असेल तर १०८, इतर आणीबाणीला ११२.

गॅसचा वास आला तर मशीन बंद, मोबाइल लांब नेऊन मगच फोन. फायबर तुटली तर तुटलेल्या टोकात डोकावू नका. तिच्यातला लेझर प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. टोकं टेपने गुंडाळून ‘जोडली’ असंही करू नका.

मोठ्या धडकेपेक्षा लहान ओरखडा वाईट. केबल तुटली तर सगळ्यांना कळतं, त्याच दिवशी जॉइंट होतो. मे महिन्यात नुसतं वरचं आवरण सोललं गेलं, दिवे लागलेलेच राहिले, म्हणून मुकादम माती लोटून मोकळा होतो. जून-जुलैत त्या फटीतून पाणी आत शिरतं, इन्सुलेशन खराब होतं आणि भर पावसात, रात्रीचा भार चढल्यावर केबल उडते. तोवर वर पेव्हर बसलेले असतात आणि दोष नेमका कुठे ते शोधायला वीज खात्याच्या माणसांना पाण्याने भरलेले चर उकरावे लागतात. ओरखडा दिसला की फोटो काढून त्याच दिवशी कळवा. कोरड्या दिवसांत तो दुरुस्त करायला लागणारा वेळ आणि खर्च पावसाळ्यातल्या दोषाच्या पासंगालाही पुरत नाही.

बुजवताना

आधी केबलखाली आणि वर चाळलेली वाळू, मग विटा किंवा फरशा, त्यावर माती आणि वरून हातभर खाली इशारा पट्टी. चिऱ्याचे टोकदार तुकडे केबलला लागून टाकू नका. रोलर फिरला की तेच आवरणात घुसतात. बुजवण्याआधी, केबल उघडी असतानाच, मोजपट्टी धरून फोटो काढा: वरपासून किती खोल, आणि कमीत कमी दोन पक्क्या गोष्टींपासून किती अंतरावर. घराचा कोपरा, कल्व्हर्टची कड, चेंबरचं झाकण चालेल. झाड, पत्र्याचं कुंपण आणि उभी केलेली गाडी चालणार नाही. ही मापं कागदावर काढून एक प्रत मालकाला आणि एक कनिष्ठ अभियंत्याला द्या, आणि त्याची सहीसुद्धा घ्या.